गोळ्यांच्या जोडीला

वडील गेल्यावर उरलेली त्यांची औषधं परत द्यायला मी मनोविकार विभागात बसले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी.

"बाबा, आत गेल्यावर सांगायचं, गोळ्या बंद केल्यात म्हणून."

"गांजाच्या तेलावर छान चाललंय की. जन्मात विडीला शिवलो नाही, आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गंजेडी झालो."

"तेल गोळ्यांच्या जोडीला दिलंय, गोळ्यांऐवजी नाही. झोप सोडून सगळं घर रंगवलंत तुम्ही."

"कळकट दिसत होतं."

"आणि शेजाऱ्यांचं दार?"

"त्यांनी तक्रार केली का?"

"ते गावाला गेलेत, बाबा."

"तुझी आई गेल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं गं. हे बरं वाटणं खोटं का?"

"खोटं नाही. पण मागच्या खेपेलाही आधी असंच बरं वाटत होतं. मग गच्चीच्या कठड्यावरून तुम्हाला खाली उतरवावं लागलं."

दार उघडून नर्सनं विचारलं, "एकटेच येताय ना आत?"

"नाही, ही पण येतेय. मी टाळाटाळ केली, तर ही सांगेल."