उर्दूतलं मणीकाम

...आणि वर मलाच विचारतात, बाई, एका पुस्तकाला एवढा वेळ? अहो, तुम्हाला सांगते, लुगडं घ्यायला वेळ लागला तर कुणी काही म्हणत नाही, घागर दहादा वाजवून घेतली तरी चालते, पण बाईमाणूस दसऱ्याच्या जत्रेत पुस्तकांच्या दुकानापुढे जरा जास्त उभं राहिलं की सगळी हिंगोली मान वळवून बघते. आणि पुस्तक तरी कसलं, तर काचेच्या मण्यांच्या माळा, चिंचपेट्या, कानातली घरच्या घरी कशी करावीत, एवढंच. मणी घेऊन ठेवले होते, बारीक सुई होती, दोऱ्याला मेण लावून झालं होतं. पण ओवता ओवता अडलं तर... विचारायचं कुणाला?

माझं कसं आहे, मी वाशीमची, हायस्कुलात गेलेली, सगळं शिक्षण मराठीत. लग्न झालं आणि कनेरगावचा नाका ओलांडून निजामाच्या मुलखात आले. नाक्यावर त्या जकातवाल्यांनी माझी ट्रंक उघडली, एकेक लुगडं झटकून पाहिलं आणि सगळं जसंच्या तसं परत दिलं. मला वाटतं, माझं बोलणं तेवढं त्यांनी तिथं ठेवून घेतलं असावं. कारण इथं बोलणार कुणाशी? एक मुलगी, शालू, ती कुरुंद्याला दिली. राहिले घरात हे. हे म्हणजे मुन्सफाच्या कचेरीत पेशकार, दिवसभर उर्दू कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे, याचा बांध, त्याची विहीर, कुणाची म्हैस कुणाच्या तुरीत... आणि घरी येईपर्यंत शब्द संपलेले. भाजीत मीठ कमी असलं तर मिठाच्या भांड्याकडे बघतात. जास्त असलं तर तांब्याकडे. आपण ओळखायचं. ओळखते मी, त्यात काही तक्रार नाही, पण माणसानं निदान खारट आहे असं तरी म्हणावं की नाही?

तर दुकानदार संतराम. त्यानं पहिलं पुस्तक असं पुढं केलं, जसा काही पेढाच. म्हणाला, "हे न्या बाई, एक नंबर. गुरूबिगर, घरबसल्या. कोनालाच काई इचारायचं काम न्हाई."

म्हटलं, "कुणालाच?"

"कोनालाच न्हाई. दार लावून घ्या, एकट्या बसा, आन् ओवा."

आता दार लावून एकटीनं बसायला मला पुस्तक कशाला लागतं? ते मला पाठ आहे. मी ते बाजूला ठेवलं. त्यानं दुसरं काढलं. "मंग हे घ्या. पानापानाला चित्र हाये, शंका म्हनून येतच न्हाई." त्या बिचाऱ्याला कसं सांगू की शंकाच तर हवी होती, चांगली मोठी, संध्याकाळभर पुरेल अशी. शंका आली म्हणजे विचारावं लागतं. पण विचारायचं कुणाला?

तेवढ्यात मागून आमच्या शेजारच्या अनुसयाबाई. "काहो पेशकारीणबाई, या वयात माळा घालून कुठं मिरवता? का जावयाच्या गळ्यात घालता?" संतराम हसला. मीही हसले. हसावं लागतं, नाही तर त्या घरी येऊन पुन्हा तेच बोलतात.

आणि मग ढिगाच्या तळाशी ते दिसलं. पातळसं, खरबरीत कागदाचं, वर दोन हात आणि सुईचं चित्र. उघडलं तर सगळं उर्दू.

संतराम म्हणाला, "ते हैदराबादेचं हाये बाई. तुमाला येतं व्हय उर्दू?"

"नाही."

"मंग काहून घेऊन राहिल्या?"

आता काय सांगणार? की त्या सगळ्या ढिगात हे एकच पुस्तक असं होतं, की विचारायचं कुणाला याचं उत्तर माझ्या घरात रोज समोरच्या पाटावर जेवायला बसतं? म्हटलं, "चित्रं छान आहेत." आत बघितलं तर चित्रच नव्हतं. तो अनुसयाबाईंना हळूच म्हणाला, "शिकेल हायेत त्या."

जेवणं झाली. पुस्तक मी पानाच्या डब्याला टेकवून ठेवलं. यांनी पाहिलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"तुला वाचता येतं?"

"नाही. म्हणून तर..."

तुम्हाला सांगते, यांनी पुस्तक उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग चष्मा लावला आणि पहिलं पान वाचायला लागले. मोठ्यानं. कचेरीतल्यासारखं. इतकी वर्षं संसार झाला, पण यांचा आवाज असा घर भरून टाकतो हे मला माहीत नव्हतं हो. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि मी मान डोलावत होते. मग मधेच थांबून मराठीत सांगितलं, तीन मणी घ्यायचे, मधल्यातून सुई परत काढायची. मी मुद्दाम विचारलं, "मधल्यातून म्हणजे?" पुन्हा सांगितलं. न रागावता. म्हटलं, "आणि गाठ कुठे मारायची?" माझ्याकडे अशा आणखी कितीतरी शंका तयार होत्या, दुपारभर बसून काढलेल्या...

तर म्हणाले, "दे इकडे."

आणि सुई घेतली. कचेरीतले कागदांचे बस्ते बांधून बांधून बोटं तयार, गाठ अशी बसली की दिसेना. मग एक ओळ ओवली. मग दुसरी. मग पुस्तक वाचत होते, पण मनातल्या मनात. मी विचारलं, "काय म्हणतंय ते?" नुसतं "हं."

आता निजामाच्या मुलखात सुट्टी शुक्रवारची, कचेरी बंद असते. दुपारी खिडकीपाशी परात घेऊन बसतात, परातीत मणी. मीही दुसरी सुई घेऊन समोर बसते. चिंचपेटी सुरेख होत चालली आहे, खोटं कशाला बोलू, अनुसयाबाईंनी दोनदा येऊन हात लावून पाहिली आणि मलाच विचारलं, "तुमी कदी शिकल्या एवढं?" यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

नाही, पण या शुक्रवारी बोलले. आपणहून बोलले, मी काही न विचारता. मी ओवणं सोडून ऐकत राहिले.

म्हणाले, "जरा सरक, उजेड अडतोय."

सरकले.