इर्मगार्डची अक्षरं

...आणि वर ती श्वेंकबाई मला विचारते, "हेर नेगेले, तुम्ही बायकोवर रसायन ओतलंत?" बायकोवर नाही हो, अक्षरांवर, दगडावरच्या नावाच्या अक्षरांवर, पण ऐकतंय कोण? शेजारच्याच कबरीत तिचा नवरा, त्याच्या बिगोनियांना ती मापून पाणी घालते, आमच्या बाजूला एक पान पडलं तरी तिला दिसतं, मग दगडातून फेस आलेला दिसणार नाही? तुम्हाला सांगतो, मी चुकलो असतो ना, तर एवढं लागलं नसतं. चुकायची मला सवय आहे. पण या वेळी मी थेंब टाकून बघितला होता!

हे थेंबाचं इर्मगार्डचं. आमची ही. एकेचाळीस वर्षं तळघराच्या एका फळीवर तिच्या चेरीच्या बरण्या आणि दुसऱ्या फळीवर माझ्या... मोरचूद, नवसागर, शिशाचे तुकडे, जस्ताची पूड. रोज खाली उतरताना तिचं एकच, "ऑयगेन, झाकणांची अदलाबदल करू नकोस, मला अजून जगायचंय." आता छंद म्हटला की थोडं इकडंतिकडं होणारच की नाही? एकदा घराच्या किल्लीवर तांबं चढवलं. इतकं सुंदर चढलं, इतकं सुंदर, की किल्ली कुलपात जाईना, आणि आम्ही दोघं दोन तास पायरीवर, तिच्या मांडीवर वितळणारं लोणी. तेव्हाही ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून बघावं रे."

आणि ती बादली! आठवड्याची जिना धुवायची पाळी आमची, दारावर पाटी लटकलेली, सगळ्या बिऱ्हाडांचं लक्ष, आणि तिच्या जस्ताच्या बादलीत मी चार दिवस मोरचुदाचं पाणी ठेवलेलं. जस्त पाण्यात उतरलं, तांबं बुडाशी बसलं, रसायन म्हणून विचाराल तर चोख. पण तिने बादली धुऊन भरली, तिसऱ्या मजल्यावर नेली, आणि तिथे तिच्या हातात राहिली नुसती कडी आणि पत्रा. पाणी तळमजल्यापर्यंत गेलं. खालचा म्हातारा चपला हातात धरून उभा. तो म्हणाला, "फ्राऊ नेगेले, इतकं स्वच्छ नको होतं." ती ओल्या मोज्यांनी वर आली आणि म्हणाली... काय म्हणाली असेल? बरोबर. टेबलावरच्या कापडाचा डाग काढतानाही ती आधी कोपऱ्यात बघायची. मी? मी कधी बघितलं नाही. एकदाही नाही.

मार्चमध्ये ती गेली.

जायच्या आधी दवाखान्यात एक बोलली. तिच्या आईच्या कबरीवरची काशाची अक्षरं पावसापाण्याने हिरवी झालीत, ते तिला फार आवडायचं. म्हणायची, अक्षरं हिरवी झाली की माणूस तिथलंच झाल्यासारखं वाटतं, परकं वाटत नाही. तर त्या दिवशी म्हणाली, "माझी हिरवी व्हायला तीस वर्षं लागतील, तोवर तू यायचा थांबशील." मी तिचा हात धरला आणि म्हटलं, नोव्हेंबरातल्या मृतांच्या रविवारपर्यंत, सगळे कबरींवर फुलं घेऊन येतात त्या दिवसापर्यंत, हिरवी करून देतो. ती हसली. मोरचूद, नवसागर, मीठ, व्हिनेगर, यात काय आहे? आयुष्यात हिच्यासाठी करायचा हा एकच प्रयोग उरला होता, आणि तो मला बिघडवायचा नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगतो, मी थेंब टाकून बघितला! कुठे? माझ्या नावावर. दगड तिनेच जिवंतपणी सांगून ठेवलेला, मागे कुणाला धावपळ नको म्हणून. दोघांची नावं, माझं जन्मसाल, पुढे रेघ, आणि मग मोकळी जागा. ऑक्टोबरात माझ्या नावावर रसायन लावलं, आठवडाभर थांबलो. काय रंग आला म्हणून सांगू... कोवळ्या पालकासारखा. मी तिथे उभा राहून रडलो, श्वेंकबाई झारी घेऊन बघत होती, बघू दे.

मग मृतांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तिचं नाव हातात घेतलं. बारीक काचकागदाने घासलं. घासताना खाली पांढुरकं दिसलं, पण धुकं, चष्म्यावर दव, आणि डोळे म्हणाल तर मार्चपासून ते असेच. ब्रश फिरवला. आणि फस्स... फेस, वाफ, तांबूस गाळ दगडावरून खाली, अक्षरं इतकी तापली की हात लाववेना. मी श्वेंकबाईची झारी हिसकावून ओतली. निम्मी अक्षरं चाळणी झाली, बाकीची गळून मातीत पडली. काशाला असं होत नाही हो! काशाला असं होऊच शकत नाही!

रविवारी तिची बहीण हेडविग आली, हाताने विणलेलं फुलांचं चक्र घेऊन. दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाकावर जाऊन बसली. मी म्हटलं, हेडविग, मी थेंब टाकून बघितला होता, शपथ. ती म्हणाली, "तुझ्यावर टाकलास ना? तुझी काशाची आहेत. तिने स्वतःची ॲल्युमिनियमची घेतली, वरून काशाचा रंग. मी भांडले तिच्याशी. तर म्हणाली, ऑयगेन कधीतरी स्वतःच्या नावाला काहीतरी चोपडून बघणार, त्याचं टिकायला हवं. माझ्यावर कोण प्रयोग करतंय?"

आता सांगा, चूक कुणाची? एकेचाळीस वर्षं बाईने सांगितलं, मी ऐकलं नाही. एकदा ऐकलं, तर हे. दवाखान्यातही तीस वर्षं म्हणाली, ॲल्युमिनियम कधीच हिरवं होत नाही हे ठाऊक असून. एक शब्द बोलली असती तर... पण बोलली असती तर मी काशाची तिला लावली असती आणि ॲल्युमिनियमची मला, हे तिला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असायचं तिला.

पाथरवट म्हणतो थंडी सरल्यावर नवी अक्षरं लावू. खरी काशाची, मी सांगितलंय. तोवर दगडावर एकच नाव आहे, हिरवंगार, माझं. परवा श्वेंकबाई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "तुमचं मात्र छान झालंय हो, हेर नेगेले. सगळं तयार आहे. फक्त तुम्ही तेवढे यायचे राहिलात."

म्हटलं, येईन, पण तिची अक्षरं लागू देत, हिरवी होऊ देत, मग येतो. ती म्हणाली, तुमचं ते रसायन? म्हटलं, नाही, आता पावसानेच. "पावसाने तीस वर्षं लागतात हो."

लागतात. मग काय करणार... तोवर येत राहायचं, झारी घेऊन.