समोरून आलेला ट्रक

वाळवंटातल्या पेट्रोलपंपावर पैसे द्यायच्या रांगेत डॉटी उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं.

“किल्ली दे, क्लाइव्ह.”

“का गं? समुद्र अजून दोन दिवस लांब आहे.”

“मघाशी समोरून ट्रक आला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून बोट उचलून सलाम केला. तू ढिम्म.”

“लक्ष नसेल माझं.”

“या रस्त्यावर तू वैऱ्याचाही सलाम कधी चुकवला नाहीस.”

“ऊन डोळ्यांवर होतं, मर्ल.”

“ऊन पाठीमागे होतं.”

डॉटीने ऐकू येत नसल्यासारखं हातातल्या गरम पॅटिसचा कागद सोडला.

“कडेचं दिसतं गं. मधलंच धुरकट होत चाललंय.”

“आणि मला कधी सांगणार होतास?”

“समुद्र बघून झाल्यावर. आधी सांगितलं असतं, तर तू मला घरीच बसवलं असतंस.”

“मूर्खा, मग तर आधी निघालो असतो! दे किल्ली.”

“गाडीमागे राहायचा एवढा कॅराव्हॅन जोडलाय. तुला तो रिव्हर्स घेता येत नाही.”

“मग वळायला मोकळं मैदान असेल तिथेच थांबू. जातानाही आणि येतानाही. चल, बस त्या बाजूला.”