नाव टाकलं की नंबर येतो

गणपतराव, तुमी सारखं इचारता, पोरगं फोन करतं का? करतं की! परवाच केला. आमचा महेश बारामतीला एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो. म्हणला, "आबा, हितं कॉम्प्युटरच्या युनिक्स सिस्टीमवर फोन नंबर शोधायचा प्रोग्राम बसवलाय. नाव टाकलं की नंबर येतो. तपासायला पहिलं तुमचंच नाव घातलं."

मला लय बरं वाटलं. म्हटलं, "थांब, तुझ्या आईला देतो."

तर म्हणतो, "नगं आबा, नंबर बरोबर लागतोय का, तेवढंच बघायचं हुतं."

पिठाचे हात पुसत ही पळत आली, तवर फोन बंद.

"काय म्हणत हुता?" हिनं इचारलं.

म्हटलं, "आपला नंबर बरोबर हाय म्हणला."