पहिल्या रांगेतली जागा

इंदू : दादा, मी 'थम' म्हनलं होतं. साऱ्या मैदानानं ऐकलं.

गुणवंता : मीबी ऐकलं.

इंदू : मंग कडुनिंबाखाली बसून 'तेज चल' काहून ओरडले? तीस पोट्टे सरळ संत्र्याच्या बैलबंडीत घुसले! बंडीवाला अजून शिव्या देऊन राहिला.

गुणवंता : मले बंडी दिसलीच नाही व. रांग थांबलेली दिसली. आठ वर्सं झाले, रांग थांबली का माहं तोंड आपोआप उघडते.

इंदू : पन प्रमुखाचा पट्टा तं तुमी गेल्या इतवारीच उतरवला. साऱ्या वस्तीसमोर माह्या हातात देल्ला.

गुणवंता : नियमच तसा आहे आपल्या तरुण दलाचा. तिशी लागली का पट्टा सोडाचा. मीच केला तो नियम, बाविसाव्या वर्सी. तवा वाटे, तीस वर्साचा मानूस मतलब म्हातारा!

इंदू : पट्टा सुटला, पन पोट्टे अजून तुमच्याच आवाजावर चालून राहिले.

गुणवंता : दलातला मधुकरबी तेच म्हने. पोरीचा हुकूम कोनी मानत नाही, तूच राहा अजून एक साल.

इंदू : आन तुमी काय म्हनलं?

गुणवंता : म्हनलं, बंडी पोरीले दिसली, मले नाही दिसली. आता तूच सांग मधुकर, प्रमुख कोन पायजे?

इंदू : पन परवा जयंतीची मिरवणूक आहे. तवा असंच झालं तं?

गुणवंता : नाही होत. परवा मी रामाकोन्याले, बहिनीच्या गावी चाललो. आवाजच नाही, तं गडबड कायची?

इंदू : पळून राहिले?

गुणवंता : तुह्यासाठीच व!

इंदू : जाचं नाही. तुमी गेले का पोट्टे म्हनतीन, दादा असते तं असं झालं नसतं. सालभर मी तेच आयकू? तुमी रांगेत या. पहिली रांग, डावीकडून पहिले. मी 'थम' म्हनलं, तुमचा पाय थांबला, का साऱ्यायचा थांबते.

गुणवंता : आन तोंड उघडलं तं?

इंदू : फुटलेले संत्रे पिशवीभर आहे. एक कोंबून ठेवा.

गुणवंता : हास, हास. खरं सांगू? जीवावर येते व. आठ वर्सं रांग बाहेरून पाहिली. आतून कशी असते, मले ठाऊकच नाही.

इंदू : मी चार वर्सं आत होती. मजा असते. फक्त समोरच्याची मान पाहाची.

गुणवंता : पहिल्या रांगेत कोनाची पाहू?

इंदू : माही.

गुणवंता : ...पट्टा ढिला होत असन तुले. एक भोक पाडून देऊ?

इंदू : मायनं पाडलं. खिळा तापवून. उठा आता, पोट्टे खोळंबले. सावधान!

गुणवंता : बरोबर उभा आहो ना व मी?

इंदू : रांगेत बोलाचं नाही, दादा.