सखाहरीच्या घरची पाहणी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाल्या आप्पांना कुणीतरी घोटभर पाणी द्या. आता आख्यान — पण त्याआधी एक प्रश्न. उत्तराची घाई करू नका हं!

ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याची सेवा दुसऱ्या कुणी पगार घेऊन केली — तर आपलं प्रेम कमी पडलं का? बोला! पुढच्या रांगेतल्या माई मान हलवतायत, 'पडलं, पडलं!' खांबाला टेकलेले पाटील काहीच म्हणत नाहीत — ते झोपलेत! झोपू द्या. आपण ऐका.

भैरोबाची वाडी म्हणून एक गाव. तिथं सखाहरी कासार राहायचा. बांगड्यांचा धंदा. अहो, पंचक्रोशीत लग्न ठरलं की पहिली आठवण सखाहरीची! नवरीचा हात हातात घेऊन असा हळुवार चुडा चढवायचा, की काच एक फुटायची नाही. वय झालं पंचाहत्तर. आणि बायको मैनाबाई. सहा वर्षांपूर्वी भाकरी थापता थापता चुलीपुढंच कलंडली. उजवं अंग गेलं. वाचा गेली. कान शाबूत, समज शाबूत — पण बोलायला गेली की तोंडातून नुसतं 'हं' यायचं.

मग सखाहरीनं धंदा बंद केला आणि सेवा धरली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. मऊ भात कालवून भरवायचा. हगणंमुतणं काढायचं — काय झालं? नाकं का मुरडता? सगळे त्यातूनच आलोय ना! आणि देवाच्या मनात असलं तर त्यातूनच जायचंय!

सहा वर्षं निभावलं. मग त्याच्या गुडघ्यानं दगा दिला. मैनाबाईला खाटेवरून उचलताना दोघंही धाडदिशी खाली! ती हलू शकत नाही, याला उठता येत नाही. शेजारची शेवंता ताक घेऊन आली तेव्हा तासभर दोघं तशीच जमिनीवर पडलेली.

लेक धावत आली सुरतेहून. रडली, आणि मग म्हणाली, "आबा, आता पुरे. आईला जिल्ह्याच्या आश्रमात ठेवू. तिथं फक्त बायकांनाच ठेवतात, तुम्ही माझ्याकडं चला." म्हणजे एक जिल्ह्याला, एक सुरतेला! चोपन्न वर्षांचा संसार, आणि म्हातारपणी ही ताटातूट! सखाहरी म्हणाला, "पोरी, दोन महिने दे मला."

आता देवाची करणी बघा. त्याच सुमारास तालुक्याला एक योजना आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी रोज सकाळी चार तास शिकलेला मदतनीस येणार. अर्धा खर्च सरकारचा, अर्धा गावाचा. घरातल्यांनी द्यायचं काही नाही! फक्त एक पाहणी व्हायची होती. तालुक्याच्या मुलाणीबाई फॉर्म घेऊन घरी येणार होत्या.

सखाहरीला काय वाटलं? 'पाहुणी येतेय!' अहो, पहाटेच उठला. मैनाबाईला न्हाऊ घातलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसवलं. वेणीफणी, कुंकू, डाव्या हातात बांगड्या. पाठीशी गादीची वळकटी लावून बसवली, आणि कलंडू नये म्हणून मागून धोतरानं खाटेला बांधली! वरून शाल, म्हणजे गाठ दिसायला नको. आणि कांदेपोहे तयार!

मुलाणीबाई आल्या. खुर्चीत बसल्या. "काका, काकू बसतात का?"

"बसते की! ही काय बसलीय!"

"जेवतात?"

"झकास!"

"संडासला वगैरे..."

आता काय सांगायचं? मैनाबाई ऐकतेय! परक्या बाईपुढं तिची अब्रू काढायची? सखाहरी म्हणाला, "जाते की."

"आणि तुम्हाला करायला त्रास होतो का?"

"छे छे! बायको आहे माझी! त्रास कसला?"

मंडळी, हे तो का म्हणाला? नुसता भिडस्तपणा नाही. वर्षापूर्वी त्याच गावात कीर्तन झालं होतं. त्या कीर्तनात एका बुवानं सखाहरीला पुढं बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि सांगितलं, 'बघा! याला म्हणतात सेवा! तोंडातून कधी हूं की चूं नाही!' लोकांनी टाळ्या कुटल्या. आता ज्याच्या अंगावर ही शाल पडली, त्यानं 'मला जमत नाही' म्हणायचं कुठल्या तोंडानं? तो बुवा कोण, विचारा ना! हाच! तुमच्यापुढं उभा आहे तो! मी शाल दिली, आणि त्या माणसाचं तोंड बंद केलं.

पंधरा दिवसांत कागद आला. ग्रामसेवकानं वाचला — 'रुग्ण बसू शकते. कुटुंबास अडचण नाही. अर्ज नामंजूर.'

शेवंता भडकलीच. "अहो दादा, पाहणी होती ती! सोयरीक जुळवायची होती का?" तिनंच खटपट केली, पुन्हा अर्ज दिला, पुन्हा पाहणी ठरली. आदल्या दिवशी बजावून गेली, "उद्या वैनींना न्हाऊ घालायचं नाही. फणी लावायची नाही. आहे तसं पडू दे. अन् तुम्ही जरा रडा!"

सकाळ झाली. सखाहरी हात बांधून बसला. न्हाणं नाही, लुगडं बदललं नाही. मैनाबाई त्याच्याकडं बघतेय — आज काय झालं यांना? मग तिनं चांगला हात उचलला आणि डोक्यावरून फिरवला. केस विस्कटलेले. हात तसाच राहिला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! आपण आता नकोशी झालो, असंच वाटलं असेल त्या माउलीला.

सखाहरी ताडकन उठला. फणी घेतली. "नाही गं मैना, नाही. चुकलो मी."

तेवढ्यात दारात मुलाणीबाई! सखाहरी वळला. डोळे भरलेले, हातात फणी. म्हणाला, "बाई, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. आश्रमात पाठवायची पाळी आली तर येऊ दे. पण मदत मिळावी म्हणून मी हिला घाणीत ठेवणार नाही!"

मुलाणीबाईंनी काय केलं? फॉर्म पिशवीत टाकला. चपला काढल्या, भिंतीशी खाली बसल्या. "काका, फणी चालू द्या. रोज करता ते सगळं करा. मी नुसती बघते."

आणि बघितलं त्यांनी! न्हाणं बघितलं. दुपटी बदलताना त्याचा कापणारा गुडघा बघितला. एक घास गिळायला किती वेळ लागतो, बघितलं. वळकटी बघितली, धोतराची गाठ बघितली. कूस बदलायला त्यानं जोर लावला आणि पाय लटपटला — तेव्हा पदर खोचून त्या उठल्या, आणि दुसऱ्या बाजूनं हात घातला. खाली ठेवल्यावर हळूच विचारलं, "काका, जमतं का हो हे एकट्याला?"

सहा वर्षांत खाटेला हात लावून कुणी असं विचारलंच नव्हतं! सगळे म्हणायचे, 'धन्य आहे तुमची!' म्हातारा खाटेच्या कडेला बसला, आणि बायकोच्या देखत म्हणाला, "नाही जमत. नाही जमत मला."

आणि मैनाबाई? तिनं मान हलवली. "हं," म्हणाली. तिला ते केव्हाच ठाऊक होतं!

अर्ज मंजूर झाला. ग्रामसभेनं गावाचा वाटा उचलला. यमुना नावाची मदतनीस येऊ लागली. पहिल्या दिवशी सखाहरीनं तिला सळो की पळो करून सोडलं — पाणी फार गरम, घास मोठा, असं नको, तसं नको! चौथ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "आबा, तुम्ही बसा बरं तिकडं!"

म्हणून तो बसला. मैनाबाईच्या उशाशी. हातात फडकं नाही, वाटी नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मोकळे हात! आता काय करायचं, हेच कळेना. मग मैनाबाईनं डावा हात उचलला, त्याच्या गालावर ठेवला, आणि किती तरी वेळ ठेवून दिला. इतकी वर्षं तिला तेवढंच करायचं होतं हो! पण तो धड बसायचाच नाही!

सांगा आता, प्रेम कमी पडलं का? माई, बोला ना! डोळे काय पुसताय?

अहो, प्रेमाला कष्टातून सवड दिली त्या पगारानं. आणि तो पगार कुणाचा? तुमचा-माझा! आपण भरलेल्या घरपट्टीचा, आपण भरलेल्या कराचा. आपण सगळ्यांनी मिळून ती खाट एका बाजूनं उचलली, तेव्हा कुठं एक म्हातारा पुन्हा नवरा होऊन बसू शकला.

मंडळी, सोमवारी तुमच्या गावात ग्रामसभा आहे, असं सरपंचांनी मघाशी चहा पिताना सांगितलं. पैशाचं काय करायचं, हा विषय आहे. कुणी म्हणतंय वेशीवर कमान बांधू. बांधा हो! पण येताना मी खालच्या आळीतून आलो. तीन घरांच्या ओट्यांवर दुपटी वाळत होती, आणि त्या घरांत तान्हं मूल एकही नाही. कुणाची घरं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या घरांतलं एकही माणूस आज कीर्तनाला आलेलं नाही. येणार कसं? कूस बदलायची वेळ झालीय!

मी आज कुणाला शाल देणार नाही. टाळ्याही वाजवू नका. ते हात सोमवारपर्यंत तसेच ठेवा — आणि सभेत त्या तीन घरांचं नाव निघालं, की वर करा!