दोन खुर्च्या शेजारी

अमरावतीतल्या साठ खुर्च्यांच्या नव्या सिनेमाघरासमोर संध्या दुपारच्या खेळाला एकटीच आली होती. दाराच्या रांगेत तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“एवढंसंच हाये हो हे! तुमच्या अकोल्याच्या टाकीजमधी हजार माणूस बसे.”

“ते पाडलं, मनकर्णा.”

“तीस वर्सं सिनेमाची मशीन चालवली तुमी तिथं. मी आपली बाल्कनीत एकटी.”

“एकटी कायची? मी मशीनच्या खोलीतल्या भोकातून तुलेच पाहो.”

“अंधारात काय दिसे?”

“रडायचा सीन आला का तुहा पदर डोयाले जाये.”

“अन् हे आज सांगून राहिले!”

दारावरच्या मुलीनं तिकिटं पाहिली. “काका, तुम्ही तिसऱ्या रांगेत. काकू पहिल्या रांगेत. शेजारच्या जागा नव्हत्या.”

“मंग राहू दे, बाई. वेगळं बसून लय पाह्यलं आमी. चाल मनकर्णा, घरी.”

संध्यानं आपलं तिकीट पाहिलं.

“काकू, काकांच्या शेजारची खुर्ची माझी आहे. तुम्ही तिथं बसा, मी पुढं बसते.”

“तुले चालते का पण, पोरी?”

“चालतं.”

दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला. पहिल्या रांगेतल्या संध्याला मागून कुजबुज ऐकू आली.

“अहो, पडद्याकडे पाहा ना!”

“पाहतो. थांब जराशी.”